खाडीवरची विनाथांबा

“पन्नास मिनिटं लेट,” असं पाटीवर लिहून अण्णासोंनी ती पाटी बनाबाईंच्या तोंडापुढं धरली.

बनाबाई खाडीकाठच्या आपल्या अंगणात जवळा वाळत घालत होत्या. त्यांनी डोळे बारीक करून एकेक अक्षर जुळवलं आणि विचारलं, “कोण लेट? यष्टी?”

अण्णासोंनी नकारार्थी मान हलवली आणि बोट वर केलं. खाडीच्या मधोमध, दोन माड एकावर एक ठेवावेत एवढ्या उंचीवर, एक पक्षी जागच्या जागी पंख मारत थांबला होता.

“ती घार?” बनाबाईंचा हात जवळ्यातच राहिला. “ओ पावणे, घारीक खंयचो टायम?”

अण्णासोंनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, “काल ७.४०. आज ८.३०.” आजच्या वेळेखाली त्यांनी रागानं रेघ ओढली. बनाबाईंनी पाटीकडे पाहिलं, मग माणसाकडे पाहिलं. घाटावरून आलेल्या ह्या पाहुण्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय, एवढंच त्यांना त्यांच्या भाडेकरू मास्तरणीनं सांगितलं होतं. वडलांच्या डोक्याचीही काही तक्रार आहे हे तिनं लपवून ठेवलेलं दिसत होतं.

डोकं अगदी ठिकाणावर होतं. फक्त त्या डोक्यात एकतीस वर्षांचं वेळापत्रक घट्ट बसलेलं होतं.

अण्णासो मगदूम कोल्हापूरच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. नाव भारदस्त आहे, पण काम म्हणजे काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी आली, कुठली गेली, किती मिनिटं उशीर झाला हे वहीत लिहायचं आणि माईकवरून लोकांना सांगायचं. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे वाक्य ते दिवसातून दीडशे वेळा म्हणत. आवाज असा खणखणीत, की फलाटाच्या पार टोकाला झोपलेला माणूस उठून आपली गाडी पकडत असे. गंमत अशी, की त्या आवाजाचा चेहरा मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. मंगळवार पेठेत भाजी घ्यायला गेले आणि “पाव किलो गवार” म्हणाले, की गवारीवाली दचकून वर बघायची आणि विचारायची, “कुरुंदवाड कितीला हाय वो आता?” अण्णासो वेळ सांगायचे. ती कधी चुकायची नाही.

त्या दीडशे घोषणांमधली एक जरा निराळी होती. पाचची नेसरी. नेसरी हे त्यांच्या बायकोचं, शांतव्वाचं माहेर. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हा अण्णासो ड्युटीवर होते. खाली उतरून निरोप द्यावा तर खोली सोडायची सोय नाही. मग त्यांनी माईकवर ‘नेसरी’मधला ‘ने’ असा काही लांबवला, की सात नंबरच्या फलाटावर पिशवी धरून बसलेली नवी नवरी लाजेनं लालबुंद झाली. तेव्हापासून पाचची नेसरी तशीच पुकारली जायची. नवे वाहक नक्कल करायचे, जुने हसायचे. अण्णासोंनी ‘ने’ काही आखडता घेतला नाही.

आणि जानेवारीत गळ्यात गाठ निघाली. साधी होती, काढून टाकली. पण डॉक्टरांनी बजावलं, “पंधरा दिवस मौन. पुटपुटायचं नाही, खाकरायचं नाही, हूं सुद्धा म्हणायचं नाही. पाळलंत तर आवाज परत मिळेल. नाही पाळलंत तर माझ्याकडं येऊन रडू नका.”

एरवी अण्णासोंनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण फेब्रुवारीच्या अठ्ठावीसला ते निवृत्त होणार होते, आणि एक मार्चपासून स्थानकावर यंत्र बोलणार होतं. कुणा बाईच्या गोड आवाजात सगळ्या गावांची नावं आधीच भरून ठेवलेली होती. म्हणजे अठ्ठावीसची पाचची नेसरी ही माणसाच्या तोंडची शेवटची नेसरी. पाळीही तिथंच संपायची. ती एक घोषणा आपल्या मूळच्या आवाजात करायची आणि खुर्ची सोडायची, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. तिच्यापायी ते पंधरा दिवसच काय, पंधरा महिने गप्प बसले असते.

पण मंगळवार पेठेत गप्प कसं बसणार? ऑपरेशन होऊन घरी आल्यावर तासाभरात सात माणसं बघायला आली आणि प्रत्येकानं तेच म्हटलं, “अण्णा, तुमी बोलू नका. नुस्तं सांगा, काय झालतं?” आठवा आला तेव्हा शांतव्वानं नवऱ्याची पिशवी भरली.

“लेकीकडं जावा कोकणात,” ती म्हणाली. “तिथं तुमास्नी कोण वळखत न्हाय, तुमी कुणाला वळखत न्हाय. हितं ऱ्हायलासा तर चार दिसांत गळा फाटतोय तुमचा.”

म्हणून अण्णासो देवगडच्या बाजूला, एका खाडीकाठच्या गावात आले होते. लेक दानेश्वरी तिथल्या शाळेत शिक्षिका होती आणि बनाबाईंच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होती. तिनं वडलांना वर्गातली एक पाटी आणि खडूचा डबा दिला, सकाळी जेवण झाकून ठेवलं आणि ती शाळेत गेली. उरले अण्णासो, समोर खाडी, आणि ती घार.

दानेश्वरीनं शाळेतल्या पुस्तकात पाहून सांगितलं, की ही साधी घार नव्हे, मत्स्यगरुड. डोकं पांढरं, डोळ्यावरून मानेपर्यंत काळी पट्टी, पोट पांढरंफेक. थंडीत हजारो मैलांवरून येतो, मार्च लागला की परत जातो. अण्णासोंनी पाटीवर विचारलं, “वाटेत थांबे किती?”

“त्ये पुस्तकात न्हाय अप्पा.”

मग अण्णासोंनी तिचं नाव विनाथांबा ठेवलं. गरुड असला तरी गाडी म्हटल्यावर ती ‘ती’च झाली. त्यांनी एक वही घेतली, रकाने आखले आणि विनाथांबाची आवक-जावक लिहायला सुरुवात केली. आणि दुसऱ्याच दिवशी ती पन्नास मिनिटं लेट निघाली.

तिसऱ्या दिवशी ती नऊ वीसला आली. म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. अण्णासो सकाळी साडेसातपासून पायरीवर बसून होते, चहा दोनदा थंड झाला होता, आणि विनाथांबा डुलत डुलत आली आणि खाडीतल्या खुंटावर बसून पिसं साफ करू लागली. इतका बेजबाबदारपणा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यांनी पाटीवर लिहिलं, “हिला मेमो दिला पाहिजे,” आणि पाटी बनाबाईंकडे फिरवली.

बनाबाई खाली पायरीवर येऊन बसल्या. “काल खंयची तिथ?” त्यांनी विचारलं.

अण्णासोंनी खांदे उडवले.

“काल तीज. आज चवथ. तिथ फुडे गेली की पाणी फुडे जाता. सुकती सरान भरती लागली की बोय मासो खाडीत येता. बोय इली की घार येता. तुमच्या घड्याळार पाणी चलता काय?” त्या हसल्या. “घार लेट नाय ओ. तुमीच लवकर येवन बसतास.”

अण्णासोंनी तोंड उघडलं आणि वेळेवर मिटलं. मग वही उघडली. सात चाळीस, आठ तीस, नऊ वीस. प्रत्येक दिवशी पन्नास मिनिटं, ना एक कमी ना एक जास्त. ही लेट गाडी नव्हतीच. ही एका वेगळ्याच वेळापत्रकावरची, अगदी काटेकोर गाडी होती, आणि आपण तिला तीन दिवस विनाकारण बोल लावत होतो. अण्णासोंना मनापासून लाज वाटली. नंतर तितकाच आनंद झाला, कारण नवीन वेळापत्रक हातात पडण्यासारखं सुख त्यांना दुसऱ्या कशात मिळत नसे.

त्या दुपारी त्यांनी शाळेचा एक मोठा कागद घेतला आणि पट्टीनं आखून महिनाअखेरपर्यंतचा तक्ता तयार केला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘विनाथांबा. समुद्र ते खाडी. भरतीनुसार.’ बारा तास पंचवीस मिनिटांनी दुसरी भरती येते हे दानेश्वरीकडून कळल्यावर उजेडातल्या आणि अंधारातल्या फेऱ्या वेगळ्या रंगांत दाखवल्या. तक्ता बनाबाईंच्या पडवीत चिकटवला. बनाबाई म्हणाल्या, “आमका तिथ म्हायती आसली की पुरता.” पण येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या तो तक्ता दाखवू लागल्या, आणि पाहुण्यानं लिहिलेल्या वेळेला घार आली की स्वतःच अंडं दिल्यासारख्या खूश होऊ लागल्या.

आता अण्णासो वेळेवर येऊन बसत आणि पुढचा खेळ बघत. विनाथांबा खाडीवर दोन फेऱ्या मारायची, मग एका जागी थांबून पंख फडफडवत खाली बघायची. मनाजोगतं दिसलं की पंख मिटून दगडासारखी सुटायची. पाण्याजवळ आल्यावर पाय पुढं काढायची आणि धप्प! सगळी बुडायची, फक्त पंखांची टोकं वर. मग फडफडत उठायची आणि बहुतेक वेळा पाय रिकामे असायचे. ती हवेतच अंग झटकायची, ओल्या कुत्र्यासारखी, आणि काही झालंच नाही अशी पुन्हा वर जायची. पाचातले चार सूर फुकट. खाडीवर बायका धुणं धुवत असत, होड्यांवर माणसं असत, कावळे तर नुसते टपलेलेच. ह्या सगळ्यांसमोर पाण्यात पडून रिकाम्या पायांनी उठायची तिला काडीचीही शरम नव्हती. अण्णासोंना ह्याचं फार नवल वाटे. एकदा १९९८ साली त्यांनी गडहिंग्लजच्या जागी गारगोटी म्हटलं होतं, ते त्यांना अजून टोचत होतं.

मासा मिळाला, की ती उडता उडताच तो पायांत फिरवून घ्यायची, डोकं पुढं, शेपटी मागं, आणि मगच खुंटाकडे निघायची. अण्णासोंनी पाटीवर लिहिलं, “ड्रायव्हरची केबिन पुढं.”

“मासो खातास काय तुमी?” बनाबाईंनी एकदा विचारलं.

अण्णासोंनी दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि गळ्यातलं लिंग दाखवलं. मगदुमांच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडंही फोडलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, “खात नाही. फक्त बघतो.”

“आणि घारीक मासो गावलो नाय तर तोंड उतारता तुमचा!”

हे खरं होतं. अण्णासोंनी पाटी पुसली.

रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर शांतव्वाचा फोन यायचा. दानेश्वरी तो वडलांच्या कानाला लावून भाकरी करायला जायची. शांतव्वा पहिलंच वाक्य म्हणायची, “हूं म्हणायचं न्हाय हां!” आणि मग तिची गाडी सुरू. शेजारच्यांच्या मुलाचं लग्न जमलं, पेठेतल्या नळाला दोन दिवस पाणी नाही, कट्ट्यावरची मंडळी विचारत होती. अर्धा तास.

“तीस वर्सांत पयल्यांदा माझं बोलणं मधी न तोडता ऐकायलाईसा,” ती एकदा म्हणाली. “डाक्टरला सांगून अजून म्हैनाभर वाढवून घ्या की.”

अण्णासो आवाज न करता हसले. आणि मग ती असंच बोलता बोलता म्हणाली, “तुमास्नी एक कवा सांगितलं न्हाय बगा. नेसरीला चारला बी गाडी हाय. रिकामी असती, बसायला जागा मिळती. पर मी कवा चारची धरली न्हाय. पाचचीच धरायची. गर्दीत हुबं ऱ्हाऊन जायची. तुमची ती ‘नेऽसरी’ ऐकायला बसायची मी तासभर. अठ्ठावीसला मेलं गडबडीत ऱ्हाऊन जाईल, म्हून आत्ताच सांगून टाकलं. बोलू नका! गप ऱ्हावा!”

फोन बंद झाला. चारची गाडी तेच पुकारत होते, पाचचीही तेच, आणि तीस वर्षांत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी पाटी घेतली, त्यावर काहीतरी लिहिलं, पण दाखवायचं कुणाला? जिला दाखवायचं ती घाट चढून पलीकडं होती. त्यांनी ते पुसलं आणि उरलेले दिवस बोटांवर मोजले. पाच. पाच दिवस गप्प राहायचं आणि अठ्ठावीसला अशी नेसरी पुकारायची की फलाट हलला पाहिजे.

दोन दिवस गेले. त्या दोन्ही दिवसांत खाडीवर वारं सुटलं होतं, पाणी गढूळ, विनाथांबा तक्त्याप्रमाणे आली पण मासा एकही मिळाला नाही. अण्णासोंनी वहीत अकरा सूर लिहिले आणि अकराहींच्या पुढं भोपळे. जेवण जाईना. बनाबाई त्यांना समजावत होत्या, “मरणा नाय ती, भरतीक परत येतली,” पण शाकाहारी माणसाची ही मासे न मिळाल्याची चिंता त्यांनाही थोडी जडच जात होती.

तेरा तारखेला वारं पडलं. तक्त्यावर वेळ होती चार पन्नास. दानेश्वरीही शाळेतून लवकर आली होती. तिघं पायरीवर बसले. चार पन्नासला पश्चिमेकडून विनाथांबा आली.

पहिला सूर वाया. दुसरा वाया. तिसऱ्या वेळी ती फार वर गेली, बराच वेळ थांबली आणि सुटली. ह्या वेळी पाणी उडालं ते दुप्पट. पंखांची टोकंसुद्धा दिसेनात. मग ती वर आली ती उठलीच नाही. पाण्यावर दोन्ही पंख पसरून पडली होती आणि खालून कुणीतरी तिला ओढत होतं.

“मोठो गावलो,” बनाबाई उभ्या राहिल्या. “तांबोशी आसात. बुडवता तिका!”

विनाथांबानं पंख वल्ह्यासारखे मारायला सुरुवात केली. एकेक हात करत ती काठाकडे सरकत होती. कावळे वर घिरट्या घालून चोची मारू लागले. एकदा ती मानेपर्यंत खाली गेली. अण्णासो उठले, पायऱ्या उतरले, चिखलात घोट्यापर्यंत शिरले. सोडून दे, असं कुणीही शहाण्यानं म्हटलं असतं. तिनं सोडलं नाही. पंखांचा एक जबरदस्त फटका, दुसरा, तिसरा, आणि पाण्यातून ती सुटली. पायांत हातभर लांबीचा, उन्हात तांबूस चमकणारा मासा. ती खाली गेली, सावरली, वर आली, आणि बरोबर अण्णासोंच्या डोक्यावरून जाताना तिनं तो मासा फिरवून डोकं पुढं करून घेतला.

“शाब्बास गं वाघिणीऽऽ! नादखुळाऽऽऽ!”

खाडी दणाणली. तिवरांतले बगळे उडाले. पलीकडच्या काठावर धुणं धुणारी बाई आंबट तोंड करून इकडे बघू लागली. बनाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. “बाय माझे! माणूस हा काय भोंगो?”

आणि मग सगळं शांत झालं. अण्णासो चिखलात उभे होते, हात अजून वर, तोंड अजून उघडं. दानेश्वरी पायरीवर रडवेली होऊन उभी होती. “अप्पा,” ती म्हणाली, “अप्पा, काय केलासा ह्ये?”

त्यांनी उत्तर देण्यासाठी पाटी शोधली. पाटी वर पायरीवर राहिली होती. त्यांनी ती हळूच घेतली आणि लिहिलं, “राहवलं नाही.” गळ्यात काहीतरी टर्रकन फाटल्याचं त्यांना जाणवलं होतं, ते मात्र लिहिलं नाही.

मंगळवार पेठेत परत आल्यावर शांतव्वानं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाटीवरची सगळी हकीकत उभ्यानं वाचली. तीन वेळा पाटी पुसून भरावी लागली.

“पाखरासाठी?” ती म्हणाली.

अण्णासोंनी मान खाली घातली.

“शिवा शिवा. आनि मासा? मिळाला का त्येला?”

त्यांनी मान डोलावली.

“केवढा?”

त्यांनी दोन हातांनी दाखवला. होता त्यापेक्षा थोडा मोठाच दाखवला. शांतव्वा हसायला लागली, हसता हसता भिंतीला टेकली, पदरानं डोळे पुसले. “मग वराडलासा त्ये बरं केलासा,” ती म्हणाली. पण रात्रीच्या भाकऱ्या थापताना तिनं पदरानं पुन्हा एकदा डोळे पुसले, आणि तेव्हा ती हसत नव्हती.

डॉक्टरांनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. आवाज येईल, म्हणाले, पण पहिला नाही. थोडं थोडं बोलायला हरकत नाही आता. अण्णासोंनी घरी येऊन दार लावून घेतलं आणि म्हणून पाहिलं, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.” जुनं शटर ओढावं तसा करकरीत आवाज निघाला आणि ‘लक्ष’वर चिरला. त्यांनी दुसऱ्यांदा म्हणून पाहिलं नाही. ठरवून टाकलं, की अठ्ठावीसला माईक संयोगिताकडं द्यायचा. संयोगिता ही त्यांच्या हाताखाली तयार झालेली नवी नियंत्रक होती, पोरगी हुशार, उच्चार स्वच्छ. एकतीस वर्षांच्या आवाजावर शेवटच्या दिवशी असला डाग नको.

अठ्ठावीसला दुपारी शाल-श्रीफळ झालं, पेढे वाटले गेले, दोन भाषणं झाली. अण्णासो हात जोडून सगळीकडे हसत होते. त्यानंतर ते नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि वही उघडली. माईक संयोगिताच्या पुढं होता. ती एकेक गाडी पुकारत होती आणि प्रत्येक वेळी त्यांच्याकडे बघत होती. ते मानेनं ‘बरोबर’ म्हणत होते.

चार वाजता काचेतून त्यांना शांतव्वा दिसली. सात नंबरच्या फलाटावरच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. सकाळी तिनं भावाकडं जाणार असल्याचं काही सांगितलं नव्हतं. चारची नेसरी लागली. रिकामी होती, निम्म्या खिडक्यांत माणूस नव्हतं. वाहकानं दारात उभं राहून विचारलं, “मावशी, नेसरी काय? चला की, जागा हाय.”

शांतव्वानं मान हलवली. चारची नेसरी अर्धी रिकामी निघून गेली आणि ती बाकावर बसून राहिली.

अण्णासोंचा पेन वहीवर थांबला. तिला आवाजाचं सगळं माहीत होतं. चिरलेला तो तिनं दाराआडून ऐकलाही होता. तरी ती तासभर बसणार होती, तीस वर्षं बसली तशी.

चार पंचावन्नला फलाटावर पाचची गाडी येऊन लागली. दोनच मिनिटांनी अण्णासोंच्या खिशातला फोन थरथरला. दानेश्वरीचा निरोप होता. ‘अप्पा, विनाथांबा आली. तक्त्यावर ४.५५ आहे, बरोबर ४.५५ ला आली. बनाबाई सांगायला सांगतायत. पहिला सूर वाया गेला.’

अण्णासोंनी निरोप दोनदा वाचला. खाडीवर आत्ता ती अंग झटकत असेल आणि वर जात असेल. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि संयोगितासमोर हात पुढं केला.

“सर, नक्की?” तिनं विचारलं. पण माईक आधीच त्यांच्याकडं सरकवला होता.

“प्रवाशांनी,” अण्णासो म्हणाले. स्थानकभर खरखर पसरली. दोन-चार माणसांनी भोंग्याकडे वर पाहिलं. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कोल्हापूरहून गडहिंग्लजमार्गे...” इथं आवाज बसला, पार बसला. अण्णासो थांबले. कुणी हसलं असेल तर हसू दे. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा धरलं. “गडहिंग्लजमार्गे नेऽऽसरीला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागलेली आहे.”

‘ने’ मध्येच फाटला, पण सोडला नाही. जेवढा लांबवायचा तेवढा लांबवला.

“आज कोण बोलायलंय वो?” खाली एका माणसानं शेजारच्याला विचारलं. “मशीन बिघडली वाटतं.”

शांतव्वा उठली. तिनं पिशवी उचलली, पदर नीट केला आणि गर्दीत शिरून ती गाडीत चढली.

अण्णासोंनी वहीत लिहिलं, ‘नेसरी, ५.००, वेळेवर,’ आणि सही केली. वही संयोगिताच्या हातात दिली, शाल खांद्यावर टाकली आणि ते जिना उतरले. ही गाडी त्यांनी हजारो वेळा पुकारली होती, पण पाचच्या नेसरीत ते एकदाही बसले नव्हते. दारात वाहक गोंधळला. “साहेब, तुमी? काय ऱ्हायलं काय?”

त्यांनी बोटानं आत दाखवलं. गाडी गच्च भरलेली होती, माणसं दांड्यांना धरून उभी होती. मध्यावरच्या खिडकीशी शांतव्वा बसली होती आणि बाहेर बघत होती. तिच्या शेजारच्या जागेवर तिची पिशवी होती. अण्णासो तिथवर पोचले तसं तिनं वळून न बघता पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.